हात हलवणारा पाहुणा

तीस वर्षं मी लूम मास्तर होतो, आणि चांगला मास्तर होतो. हे मीच सांगतोय, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. कापडाच्या कारखान्याचं आता गोदाम झालंय. सुरतेत, लिंबायतच्या त्या गल्लीत चोवीस लूम माझ्या हाताखाली होते, आणि कुठला लूम कुरकुरतोय ते माझ्या पायाच्या तळव्यांना कळायचं. कानांना कळायचं कधीच बंद झालं होतं. डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा शिल्लक आहे. समोरच्याचे ओठ दिसले तर मी अख्खं भाषण समजून घेतो, पाठमोरा माणूस बोलला तर मला काही पत्ता नसतो.

लूम चालू असताना तोंडानं बोलण्यात अर्थ नसतो, ऐकणार कोण? सगळा कारभार हातांवर. दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली की ताण्याचा धागा तुटलाय. मूठ गोल फिरवली की बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, संपत आलाय. अंगठा ओठांना लावला की चहा. आणि हात खांद्यापर्यंत उचलून सावकाश गोल फिरवला की, मास्तर, इकडे या. तो हात दिसला की मी हातातला पाना टाकून निघायचो. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, तिनंच मला गोत्यात आणलं.

कारखाना बंद झाल्यावर मी घरी बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो. माझी मुलगी, एकुलती एक, प्राणिशास्त्र घेऊन शिकलेली. तिनं महिनाभर मला बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघता. घरात काहीतरी जिवंत आणू या."

कुत्रा म्हटलं तर बायकोनं नाक मुरडलं. मांजर म्हटलं तर तिनं दुधाचं पातेलं दाखवलं. मग मुलीनं मोबाइलवर एक फोटो शोधून माझ्यासमोर धरला.

"हा तर सरडा आहे," मी म्हणालो.

"बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, रेताड भागातला. राग आला की गळ्याखालची दाढी फुगवतो आणि ती काळी पडते. चावत नाही सहसा. पप्पा, हा आवाजच करत नाही."

खरं सांगतो, त्या शेवटच्या वाक्यानं माझं मन वळलं. भुंकणाऱ्या कुत्र्याचा मला काय उपयोग? दारात भुंकून भुंकून मेला तरी मला कळायचं नाही. हा मुका, मी बहिरा, आमचं जमेल असं मला वाटलं. लूमवर तीस वर्षं मुक्यानंच काम केलेल्या माणसाला एक सरडा काय जड जाणार?

तापीपलीकडे अडाजणला एक दातांची डॉक्टरीण हे प्राणी घरी वाढवते. गुजराती बाई, हसतमुख, बोलताना ओठ छान उघडते, त्यामुळे माझं काम सोपं झालं. प्राणी कुठला, कधी जन्मला, याची सगळी कागदं तिनं फाइलला लावून ठेवली होती. काचेच्या मोठ्या पेटीत चार पिल्लं होती, प्रत्येक वीतभर.

काय बघायचं ते मुलीनं मला आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. डोळे टवटवीत हवेत, नाक कोरडं हवं, शेपटीचं मूळ भरलेलं हवं, पायाची बोटं आणि शेपटीचं टोक शाबूत हवं, मान उचलून आजूबाजूला बघणारा हवा. मी नवीन बीम तपासावा तसं एकेकाला तपासलं. तिघे एक नंबर होते. त्यातला एक पिवळसर, चांगला जाडजूड, तो तर काचेला नाक लावून मलाच तपासत होता. चौथा होता कोपऱ्यात, सगळ्यांत लहान, आणि दुसरा एक त्याच्या पाठीवर अर्धा चढून बसला होता.

मी वाकलो. चौथ्यानं माझ्याकडे बघितलं, तीन पायांवर अंग तोललं, पुढचा उजवा पाय वर उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला.

मी जागच्या जागी गार पडलो. हुबेहूब तीच खूण.

"हाच," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, पिवळावाला घ्या, तो धीट आहे, खायला पण चांगला." मी मान हलवली. मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, "पप्पा, नक्की?"

"मला बोलावलं त्यानं. तू बघितलं ना?"

ती हसली. ते हसू मी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

घरी आणल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती चिडली की मराठी सोडून अहिराणीवर येते. "हाई काय शे?" म्हणाली. मी सांगितलं. ती पेटीभोवती एक चक्कर मारून आली आणि पुढचा प्रश्न, "हाऊ काय खास?" हा काय खातो. आमच्या खानदेशातल्या बाईची ही राग उतरल्याची पहिली खूण. एकदा खाण्याचा विषय निघाला की माणूस असो की सरडा, तो घरातला झाला. त्या दिवसापासून ती त्याला पाहुणे म्हणायला लागली.

जुन्या टीव्हीच्या जागी काचेची पेटी आली. वर दोन दिवे, एक उबेसाठी आणि एक उन्हासारखा. सकाळी तो दगडावर चढून दिव्याखाली अंग शेकायचा. अंग तापल्याशिवाय खायचं नाही, कारण थंड पोटात अन्न जिरत नाही, असं मुलीचं म्हणणं. बायकोचं म्हणणं, "म्हणजे अगदी तुमच्यासारखं, चहा पोटात गेल्याशिवाय हलायचं नाही."

खाण्याचं शास्त्र मोठं. शेवग्याचा पाला बारीक चिरून, लाल भोपळ्याचा कीस, अधूनमधून गिलक्याचा तुकडा. पालक नको, तो हाडांचं कॅल्शियम खातो म्हणे. आणि त्याच्या जोडीला अळ्या आणि रातकिडे. अळ्या मुलीनं प्लास्टिकच्या डब्यात ओट्सवर पाळल्या होत्या. आमच्या घरात ओट्स पहिल्यांदा आले ते अळ्यांसाठी. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठा घास द्यायचा नाही, आणि अळी देण्याआधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायची. पाला चिरणं बायकोनं आनंदानं घेतलं. अळ्यांचं नाव काढल्यावर मात्र तिनं हात झटकले. "त्यांना मी हात लावणार नाही, आणि त्या हातानं माझ्या पिठाला कोणी हात लावायचा नाही."

तिसऱ्या दिवशी त्यानं मुलीच्या हातून अळी खाल्ली. जीभ पुढे, टपकन, खेळ खलास. मी खूश झालो आणि बाह्या सरसावल्या.

माझ्या हातून काही खाईना. आणि गंमत अशी, की बोलवायचा मलाच. मी समोर आलो की पाय वर, गोल गोल. मी लगेच "आलो, आलो" करत उठायचो, वरचं जाळीचं झाकण काढायचो, लूमवर वाकतात तसा पेटीवर वाकायचो आणि अळी धरलेला हात वरून सोडायचो. की हा जमिनीला चपटा, दाढी काळी ठिक्कर, आणि सूं करून पेटीतल्या फळकुटाखाली गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचा. मी बायकोला सांगायचो, "भाव खातोय. नवीन जावयासारखा." ती म्हणायची, "जावई तरी जेवतो."

असं पंधरा दिवस चाललं. तेवढ्यात मुलीला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. चांगल्या प्रयोगशाळेत, राहायला हॉस्टेल. पेढे वाटले, सगळ्या गल्लीला वाटले. हॉस्टेलमध्ये प्राणी चालत नाहीत. संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली, ओठ मला दिसतील अशी. लहानपणापासून ती अशीच बसते.

"पप्पा, मला जायला एक महिना आहे. तोवर हा तुमच्या हातून खायला लागला तर राहील. नाही लागला तर मी याला परत देऊन जाईन. उपाशी ठेवून मी जाणार नाही."

"खाईल," मी म्हणालो. "माझ्या हाताखाली नाठाळ लूम सरळ झालेत."

ती म्हणाली, "हा लूम नाही." पण हट्ट केला नाही.

पोरगी जाणार हे ठरलेलंच होतं. पण तिच्या मागे तिनं आणलेला हा जीव घरात राहावा, सकाळी उठून त्याचं काहीतरी करायला लागावं, एवढंच मला हवं होतं. तो गेला असता तर मी पुन्हा भिंतीकडे बघत बसलो असतो. आणि हेही कबूल करतो, की एक मास्तर वीतभर सरड्यापुढे हरला हे मला सहन होणारं नव्हतं.

मग मी अक्कल चालवली. बारडोलीला माझा चुलतभाऊ उसाच्या शेतावर काम करतो. रविवारी जाऊन बरणीभर नाकतोडे पकडून आणले, साठीच्या उंबरठ्यावर उसाच्या कडेनं उड्या मारत. डब्यातल्या अळ्यांचा त्याला कंटाळा आला असेल, ताजा माल बघून फिदा होईल असा माझा हिशेब. मुलीनं बरणी बघितली आणि दोन्ही हातांनी ओढून घेतली. "पप्पा, उसावर औषध फवारतात. एक नाकतोडा खाल्ला तरी हा मरेल." तिनं बरणी लांब नेऊन रिकामी केली. मी ओशाळलो आणि ओशाळलो म्हणून चिडलो. घरात जरा आवाज चढवला. माझा आवाज चढला की शेजारचे खिडकी लावून घेतात. आम्हा लूमवाल्यांचं घरातलं साधं बोलणंही भांडणासारखं असतं, आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही ना.

दहा दिवस राहिले तेव्हा मुलगी म्हणाली, "आता मी त्याला देणार नाही. फक्त तुम्ही द्यायचं." पहिला दिवस उपास. दुसरा दिवस उपास. पाला सुकत पडला, अळ्या वाटीतच वळवळत राहिल्या. चौथ्या दिवशी त्याच्या शेपटीचं मूळ बसलेलं दिसलं, दोन्ही बाजूंनी हाड उठून आलं होतं. बायकोनं पेटीजवळ उभं राहून बघितलं आणि माझी थट्टा केली नाही. तिनं थट्टा केली नाही तेव्हा मी घाबरलो.

मुलगी बाहेर गेली होती. मी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. मी समोर गेलो, त्यानं पाय उचलून फिरवला, अगदी नेहमीसारखा. ते मी डॉक्टरीणबाईंना पाठवलं आणि खाली लिहिलं, रोज मला बोलावतो पण खात नाही, पोटात काही दुखत असेल का. फोनवर मला बोलता येत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी गुजरातीत लिहून पाठवलं. सुरतेत जन्म गेला, गुजराती मी आरामात वाचतो.

"काका, ए तमने बोलावतो नथी." तो तुम्हाला बोलावत नाही. पुढे लिहिलं होतं, हे प्राणी आपल्यापेक्षा मोठं कोणी समोर आलं की असा हात हलवतात. तो सांगतो, मी लहान आहे, तुमच्याशी माझं भांडण नाही, मला काही करू नका. तुम्ही वरून हात घालू नका, घार वरून येते.

मी ते तीनदा वाचलं. मग मोबाइल उलटा ठेवला आणि पेटीपासून चार हात लांब जाऊन बसलो. दीड महिना. दीड महिना हा जीव माझ्यापुढे हात जोडत होता आणि मी "आलो, आलो" म्हणून त्याच्या अंगावर जात होतो.

आणि तिथं बसल्या बसल्या मला आमचा जुना दरवाजा आठवला. मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची असेल. संध्याकाळी मी कारखान्यातून यायचो, बारा तासांचा आवाज डोक्यात घेऊन, आणि दारातूनच ओरडायचो, "कुठंय माझी पोरगी?" ती आईच्या पदराआड असायची. तिथून एक छोटा हात वर यायचा आणि सावकाश हलायचा. मी हसत सुटायचो. सगळ्या कारखान्याला सांगायचो, माझी पोरगी एवढीशी आहे पण लूमची खूण करते, मला बोलावते. मग मी जाऊन तिला पदराआडून ओढून वर उचलायचो. ती रडायची. मला वाटायचं, लाडानं रडते.

त्या दुपारी मला भयंकर वाईट वाटलं. याहून वेगळे शब्द माझ्याकडे नाहीत.

पण रडत बसणारा मी नाही. बिघाड सापडला की मास्तर दुरुस्तीला लागतो. दुसऱ्या दिवसापासून मी पेटीचा बाजूचा दरवाजा उघडायला लागलो. खाली फरशीवर बसायचं, म्हणजे मी त्याच्यापेक्षा उंच दिसणार नाही. हात वरून नाही, बाजूनं, जमिनीलगत, तळवा वर. आणि तिथंच ठेवायचा. घास नाही, बोलणं नाही, डोळ्यांत बघणं नाही. माझा जुना बनियन त्याच्या दगडाखाली घातला, वासाची सवय व्हावी म्हणून. बायको म्हणाली, "त्या वासानं उरलासुरला जीवही जाईल त्याचा." ती पुन्हा थट्टा करायला लागली होती, म्हणून मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी त्यानं हात हलवला. मी जागचा हललो नाही. जायचं नाही हे मला तीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. माझे गुडघे आपोआप उठायला बघायचे, मी त्यांना दाबून धरायचो. तिसऱ्या दिवशी तो फळकुटाखाली पळाला नाही.

चौथ्या सकाळी बायकोनं गॅलरीतल्या कुंडीतलं लाल जास्वंद तोडलं. ते रोज गणपतीचं. तिनं फुलाची एक पाकळी काढून माझ्या तळव्यावर ठेवली आणि उरलेलं फूल घेऊन देवाकडे गेली. "आधी पाहुणे, मग देव," म्हणाली. "आज देव समजून घेईल."

पाकळी माझ्या हातावर होती. त्यानं मान एका बाजूला केली. मी श्वास रोखून होतो. तो दोन पावलं आला, थांबला, आणखी दोन पावलं आला. मग जीभ, टपकन, आणि माझ्या बोटाला त्याच्या तोंडाचा ओला धक्का लागला. दुपारी त्याच तळव्यावरून त्यानं पाच अळ्या खाल्ल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, आणि दुसरा हात खांद्यापर्यंत उचलून, सावकाश गोल फिरवून तिला बोलावलं. ती धावत आली.

मुलगी जायच्या आदल्या दिवशी तिची बॅग दारात भरून ठेवलेली होती. मी फरशीवर बसलो होतो आणि तो माझ्या मनगटावर पोट टेकून, डोळे अर्धे मिटून पडला होता. हात हलवणं त्यानं दोन दिवसांपासून सोडलं होतं. मुलगी येऊन माझ्यासमोर खाली बसली, नेहमीसारखी, ओठ दिसतील अशी.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे. तो का हात हलवतो ते."

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतके खूश झाला होतात, पप्पा. कारखाना बंद झाल्यापासून तुम्हाला तसं बघितलं नव्हतं. वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल."

मी त्याच्या पाठीवर बोट ठेवलं. खरखरीत, आणि उबदार. मग तिच्याकडे न बघता दुसरं विचारलं. "आणि तू? पदराआडून?"

उत्तर वाचायला मी मान वर केली. मग ती म्हणाली, "तेव्हा वाटायचं तुम्ही रागावून आलात. रोजच वाटायचं."

"एकदाही सांगितलं नाही."

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात ना, माझी पोरगी मला बोलावते. मला ते आवडायचं. मग मी खरंच बोलवायला लागले."

मनगटावरचा जीव जागा होऊ नये, आणि समोरची दचकू नये, म्हणून मी आवाज जेवढा खाली नेता येईल तेवढा नेला. आयुष्यात मी इतका हळू कधी बोललो नसेन. मी विचारलं, अजून वाटते का भीती?

तिनं मान पुढे केली, कानामागे केस सारले, आणि माझ्या ओठांकडे बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला ना. ऐकूच आलं नाही."